यंत्र बदलते, माणसे कशी बदलणार? सोलापूरच्या उद्योगांपुढील खरी परीक्षा

कारखान्यात नवे यंत्र आणणे तुलनेने सोपे असते. बँकेचे कर्ज मिळते, सरकारी अनुदान मिळते, यंत्र पुरवणारी कंपनी माणसे पाठवून ते बसवूनही देते. अडचण सुरू होते ती त्यानंतर. साध्या मागावर वीस वर्षे काढलेला कामगार नव्या मागाजवळ उभा राहतो तेव्हा त्याच्या हाताची सवय, त्याची मजुरी, त्याचा पाळीतील मान आणि शेजारच्या मागवाल्याशी असलेले त्याचे नाते या साऱ्यांना एकाच वेळी धक्का बसतो. हा धक्का ओळखून, त्याचा आधीच विचार करून माणसांना जुन्या रीतीकडून नव्या रीतीकडे नेण्याचे जे शास्त्र आणि कौशल्य, त्यालाच व्यवस्थापनाच्या भाषेत 'बदल व्यवस्थापन' म्हणतात. मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र विभाग आणि सल्लागार असतात. सोलापूरसारख्या शहरात मात्र ही जबाबदारी बहुधा मालक आणि त्याचा मेस्त्री या दोघांच्याच शिरावर येते. म्हणूनच हे कौशल्य कसे घडवायचे, हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे.

जुन्या गिरणीचा धडा

बदल न पेलल्यास काय होते, हे सोलापूरला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १८७७ च्या सुमारास उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची 'जुनी मिल', ही या शहराच्या औद्योगिक जीवनाचा पाया होती. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे अत्यावश्यक मालाचे उत्पादन घटले व गंभीर बेकारी निर्माण झाली, असे कारण त्या वटहुकमात दिले होते. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या खटल्याचा डिसेंबर १९५० मधील निकाल घटनेतील समानतेच्या हक्कासंबंधीचा प्रारंभीचा महत्त्वाचा निवाडा म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. कायद्याच्या ग्रंथांत सोलापूरचे नाव अमर झाले; गिरणी मात्र टिकली नाही. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगेही थांबले. गिरण्या बंद पडण्यामागे सरकारी धोरणे, कापसाचे भाव, यंत्रमागाची स्पर्धा अशी अनेक कारणे होती. तथापि, काळाची चाहूल लागूनही वेळेवर पाऊल न उचलणे, हे त्यांतले एक होते हे नाकारता येत नाही.

याच शहराने बदल यशस्वीपणे पेललेलाही पाहिला आहे. तेलंगणातून येऊन पूर्व भागात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावरून यंत्रमागाकडे झेप घेतली, जॅकार्डच्या साहाय्याने चादरीवर नक्षी उठवली आणि 'सोलापुरी चादर' हे नाव देशभर पोहोचवले. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले. विशेष म्हणजे हा बदल कोणत्याही सल्लागाराने घडवला नव्हता. घरातला माग बदलला तेव्हा बाप, मुलगा आणि शेजारी एकत्र शिकले. निर्णय घेणारा आणि मागावर बसणारा हा एकच माणूस होता. आज मालक कार्यालयात, कामगार शेडमध्ये आणि ग्राहक परदेशात अशी स्थिती आहे. पूर्वी आपोआप साधणारी गोष्ट आता जाणीवपूर्वक साधावी लागते.

विरोध कशाला असतो?

कामगारांना बदल नकोच असतो, अशी तक्रार कारखानदारांकडून नेहमी ऐकू येते. संशोधन मात्र निराळे सांगते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवुड नावाचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथील बहुतेक कामगार स्त्रिया होत्या आणि त्यांना नगावर मजुरी मिळे. काम करण्याची पद्धत थोडी जरी बदलली तरी उत्पादन घसरे, कुरबुरी वाढत आणि अनेकजणी काम सोडून जात. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे एक प्रयोग करून १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने बोलावून नवी रीत आणि नवा दर सांगण्यात आला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत चर्चा केली. आणखी दोन गटांत मात्र सर्वांनाच चर्चेत सामील करून घेतले गेले. काम कसे बदलावे आणि दर कसा ठरवावा यावर त्यांनी स्वतः सूचना केल्या.

निकाल बोलका होता. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही आणि पहिल्या चाळीस दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. सर्वांचा सहभाग असलेल्या गटांचे उत्पादन काही दिवसांतच पूर्वपदावर आले आणि पुढे पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. त्यांतून कोणीही काम सोडले नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. पहिल्या गटात उरलेल्या कामगारांना काही काळाने दुसऱ्या कामावर नेताना त्यांनाही चर्चेत घेतले, तेव्हा त्यांनीही तितक्याच वेगाने नवे काम आत्मसात केले. माणसे तीच होती. बदलली ती फक्त रीत.

हारवुडचे उदाहरण दूरचे वाटत असेल, तर अहमदाबादचे पाहावे. सोलापूरच्या शेडना ते अधिक जवळचे आहे. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको गिरणीत १९५०च्या दशकाच्या प्रारंभी स्वयंचलित माग बसवण्यात आले. पण अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी शेडचे निरीक्षण केले. नव्या मागांबरोबर काम डझनभर निरनिराळ्या विशेष कामांत वाटले गेले होते. धागा जोडणारा वेगळा, कांडी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. ठरावीक मागांची जबाबदारी आपली, असे म्हणणारे कोणीच नव्हते. काही मागांची संपूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी, ही कल्पना मांडताच कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी स्वतःच गट पाडले. राइस यांच्या नोंदीनुसार मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. यंत्र तेच होते आणि कामगारही तेच होते.

याउलट मुंबईतील १९२८ चा अनुभव आहे. एकेका कामगाराकडे अधिक माग आणि अधिक चात्या सोपवण्याच्या गिरणीमालकांच्या योजना, हे त्या वर्षीच्या सार्वत्रिक संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्या ठप्प राहिल्या. वरून लादलेल्या बदलाची किंमत मालकाला आणि कामगाराला सारखीच मोजावी लागते, हे त्यावेळीही दिसून आले होते.

वितळवणे, घडवणे, गोठवणे

या साऱ्यामागचे तत्त्व मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये मांडले. बर्फाच्या लादीला नवा आकार द्यायचा तर आधी ती वितळवावी लागते, मग पाण्याला नव्या साच्यात ओतावे लागते आणि शेवटी पुन्हा गोठवावे लागते. लेविन यांच्या विचाराचे व्यवस्थापनशास्त्रात रूढ झालेले हे रूप होय. बहुतेक कारखाने मधल्या टप्प्यावर सारा जोर देतात. जुनी रीत का सोडायची हे कोणी समजावत नाही आणि नवी रीत अंगवळणी पडेपर्यंत कोणी थांबत नाही. परिणामी पहिल्या पंधरवड्याचा उत्साह ओसरताच सारे पूर्ववत सुरू होते. नव्या संगणकात माहिती भरली जाते. पण खरा हिशेब दिवाणजीच्या वहीतच राहतो.

हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये, कंपन्यांचे बदलाचे प्रयत्न का फसतात, याची आठ कारणे सांगितली. निकडीची जाणीव निर्माण न करणे हे त्यांतले पहिले, तर विजयाची घोषणा फार लवकर करणे हे शेवटच्या कारणांपैकी एक. लेविन आणि कॉटर यांच्यात जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर असले, तरी दोघांचे सांगणे एकाच दिशेचे आहे. बदल ही एका दिवसाची घटना नसून दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया आहे आणि ती चालवणे हे नेतृत्वाचे रोजचे काम आहे.

उत्पादनच कालबाह्य होते तेव्हा

यंत्र बदलणे ही एक गोष्ट. पण जे बनवतो त्याचीच गरज संपण्याची शक्यता निर्माण झाली तर? या प्रश्नाला सोलापुरातीलच एक कंपनी सामोरी जात आहे. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवते. इंजिनातील झडपा ठरल्या क्षणी उघडण्याचे व मिटण्याचे काम हा दांडा करतो. देशविदेशातील नामांकित मोटार कंपन्यांना माल पुरवणाऱ्या या कंपनीचे समभाग फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात दाखल झाले. परंतु विजेवर चालणाऱ्या गाडीत झडपा नसतात, म्हणून कॅमशाफ्टही नसतो. विजेच्या गाड्या जसजशा वाढतील, तसतशी या उत्पादनाची बाजारपेठ आक्रसत जाणार, हे उघड होते.

कंपनीने वाट पाहिली नाही. २०१७ मध्ये नाशिकची मेम्को इंजिनिअरिंग आणि २०१८ मध्ये जर्मनीतील एमएफटी तसेच विजेवरील मालवाहू वाहनांचे तंत्रज्ञान असलेली नेदरलँड्समधील इमॉस या कंपन्यांत तिने हिस्सा घेतला. पुढे छोट्या मालवाहू गाड्यांचे विजेवर रूपांतर करण्याचे कामही हाती घेतले. अशी पावले सारीच फळतात असे नाही. परदेशी कंपन्यांची खरेदी ही तर नेहमीच जोखमीची बाब. पण मुख्य धंदा जोरात असतानाच त्याच्या अखेरीचा विचार करणे, हे बदल पेलू शकणाऱ्या नेतृत्वाचे पहिले लक्षण होय. ओतकाम आणि यंत्रणकाम जाणणाऱ्या कामगाराला बॅटरी आणि विद्युत मोटारीची ओळख करून देणे हे काम मात्र कंपनी विकत घेतल्याने होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे शिक्षणच द्यावे लागते.

गणवेशाच्या धंद्यात असाच एक बदल तुलनेने शांतपणे घडला. सोलापुरातील तयार कपडे शिवणाऱ्या उद्योजकांनी शालेय व संस्थांच्या गणवेशांवर लक्ष केंद्रित केले आणि २०१७ मध्ये शहरात गणवेश-उत्पादकांचे मोठे प्रदर्शन भरवले. एकेकट्याला न झेपणारा बदल संघटनेच्या आधाराने कसा पेलता येतो, याचे हे उदाहरण आहे.

मधली फळी आणि चार भाषा

बदलाचे यश ठरते ते मालकाच्या भाषणापेक्षा मधल्या फळीवर. यंत्रमाग कारखान्यात मेस्त्री, फिटर, मुकादम ही ती फळी. कामगार अडचण घेऊन प्रथम यांच्याकडेच येतो. नव्या पद्धतीमुळे मेस्त्रीचे वजन कमी होणार असेल, तर तो उघड विरोध करत नाही; तो फक्त गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यातच योजना बुडते. आजवर कोणता माग कशाने अडतो हे केवळ मेस्त्रीला कळे. आता ते संगणकाच्या पडद्यावर साऱ्यांना दिसणार. अशा वेळी त्याला नव्या व्यवस्थेत शिक्षकाचे, प्रशिक्षकाचे स्थान देणे शहाणपणाचे ठरते. यंत्र घेण्यापूर्वी ते पाहायला मालकाबरोबर मेस्त्रीही गेला, तर परत येताना तो त्या यंत्राचा प्रचारक होऊन येतो.

सोलापूरचा आणखी एक विशेष म्हणजे भाषा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा येथील शेडमध्ये ऐकू येतात. फलकावर इंग्रजीत किंवा शासकीय मराठीत लावलेली सूचना अनेकांपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचते ती चहाच्या टपरीवर फिरणारी अफवा. आणि अफवा नेहमी एकच असते, माणसे कमी होणार! म्हणून कोणताही मोठा बदल जाहीर करताना तो कामगाराच्या घरच्या भाषेत, तोंडी आणि प्रश्नोत्तरांना वेळ ठेवून सांगणे आवश्यक आहे. 'तुमची मजुरी किती होईल?', 'पाळी बदलेल का?', 'शिकता आले नाही तर काय?' या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर बदल जाहीर करण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

मजुरीचा प्रश्न आधी

नगावर किंवा मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने शिकण्याचा काळ म्हणजे कमाई घटण्याचा काळ. समजा, एखादा कामगार जुन्या मागांवर दिवसाला ठरावीक रक्कम मिळवतो. नव्या मागावर पहिल्या महिन्यात त्याचा हात बसलेला नसतो, धागा वारंवार तुटतो, माग उभा राहतो. दर तोच ठेवला तर त्याची कमाई निम्म्यावर येऊ शकते. घरभाडे आणि किराणा मात्र थांबत नाही. या स्थितीत तो जुन्या मागाकडे परत जायला पाहतो, यात आडमुठेपणा कोणता? शिकण्याच्या काळात पूर्वीच्या सरासरी कमाईची हमी देणे, हा यावरचा सरळ उपाय. यंत्राच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च अल्प असतो. पण कर्जाच्या आराखड्यात तो बहुधा धरलेलाच नसतो. १९९९ मध्ये सुरू झालेली आणि सुधारित रूपात मार्च २०२२ पर्यंत चाललेली केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना घ्या. तिचाही भर यंत्रखरेदीवरच होता.

कायद्याचेही येथे भान हवे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ नुसार मजुरी, पाळ्या किंवा कामगारकपात होऊ शकेल असे यंत्रसुधार यांसारखे बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची पूर्वसूचना देणे बंधनकारक होते. हीच तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूदही या संहितेने केली आहे. अनेक कारखानदार पूर्वसूचनेकडे कटकट म्हणून पाहतात. वास्तविक ते २१ दिवस म्हणजे चर्चेसाठी मिळालेली आयती संधी होय.

लहान कारखान्याला काय करता येईल?

वीस-पंचवीस मागांच्या कारखान्याला सल्लागार परवडत नाही, हे खरे. पण काही गोष्टींना पैशांपेक्षा शिस्त अधिक लागते. सर्व माग एकदम न बदलता आधी एका ओळीवर प्रयोग करावा आणि त्यासाठी स्वतःहून पुढे येणारे कामगार निवडावेत. आठवड्यातून एकदा पाळी संपताना अर्धा तास बसून काय अडले ते विचारावे, आणि विचारलेल्यांपैकी निदान एक अडचण पुढच्या बैठकीपूर्वी दूर करावी. अन्यथा बैठका हा देखावा ठरतो. मोजमाप साधेच असावे: माग किती तास चालला, किती कापड नापास झाले, पगारानंतर किती जण कामावर आले नाहीत. हे शेवटचे मोजमाप विशेष महत्त्वाचे. कारण असंतोष तक्रारवहीपेक्षा गैरहजेरीत आधी दिसतो.

मालकाने स्वतःला विचारायचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. सोलापुरातील बहुतेक उद्योग कौटुंबिक आहेत. शिकून आलेला मुलगा नवी पद्धत आणू पाहतो आणि वडिलांचा शब्द अखेरचा असतो. शेडमध्ये मुलगा एक सांगतो, वडील दुसरे. अशा वेळी कामगार थांबून राहतो, कारण कोणाचे चालणार हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे बदलाची पहिली बैठक कारखान्यात नव्हे, घरात व्हायला हवी. काय बदलायचे, किती काळ तोटा सोसायचा आणि निर्णय कोणाचा, हे घरात ठरल्याखेरीज बाहेर घोषणा करू नये.

बदल म्हणजे केवळ वेग आणि उत्पादन नव्हे, याचे दुःखद स्मरण १८ मे २०२५ रोजी शहराला झाले. अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारातच राहण्याची रीत, सुताचा आणि कापडाचा साठा, बाहेर पडण्याच्या वाटा हे प्रश्न त्यानंतर चर्चेत आले. सुरक्षिततेच्या सवयी लावणे हाही बदलच आहे, आणि तो सर्वांत अवघड. कारण उत्पादन वाढले तर दिसते. टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही. म्हणून येथे नेतृत्वाची कसोटी अधिक लागते.

प्रत्येक बदल योग्यच असतो?

या शास्त्राची एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. बदल व्यवस्थापन म्हणजे कामगारांना गोड बोलून काहीही गळी उतरवण्याची युक्ती, असा अर्थ काढला की ते निकामी होते. काही वेळा विरोध करणाऱ्याचेच बरोबर असते. नव्या मागाला लागणारे सूत बाजारात मिळत नाही किंवा शेडमधील उन्हाळ्याच्या उकाड्यात यंत्र वारंवार बंद पडते, हे प्रथम कामगारालाच कळते. त्याचे ऐकणे हे सौजन्य नसून धंद्याची गरज आहे. तसेच ज्यांच्यासाठी नव्या व्यवस्थेत जागाच नाही, त्यांचा प्रश्न चर्चेने सुटत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांपुढे हाच प्रश्न उभा आहे. तंबाखूवरील निर्बंध समाजाच्या आरोग्यासाठी योग्यच आहेत. पण आयुष्यभर पाने कातरून विडी वळलेल्या हातांना दुसरे काम कोण शिकवणार, याचे उत्तर एकट्या कारखानदाराकडे नाही. तेथे शासन, उद्योजकांच्या संघटना, कामगार संघटना आणि शहरातील विद्यापीठ व अभियांत्रिकी महाविद्यालये यांना एकत्र यावे लागेल.

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत येत्या काळात नवे माग येतील, संगणकीय हिशेब येतील, विजेच्या गाड्यांचे भाग बनू लागतील. यंत्रांच्या निवडीत चूक झाली तर पैसा जातो आणि तो कालांतराने भरूनही निघतो. माणसांच्या बाबतीत चूक झाली तर विश्वास जातो, आणि पुढचा प्रत्येक बदल त्या गेलेल्या विश्वासाची किंमत मोजत राहतो. यंत्राच्या कोटेशनबरोबरच शिकवणीचा खर्च, शिकण्याच्या काळातील मजुरी आणि चर्चेचे दिवस हेही ज्या कारखान्याच्या हिशेबात मांडले जातील, तेथे नवे यंत्र खऱ्या अर्थाने चालू होईल.